झालेला भाव

बेसबॉल हा खेळ मी कधी पाहिलेला नाही. बॅट लाटण्यासारखी गोल असते आणि धावायचे ते चौकोनाच्या कडेकडेने, एवढीच माझी त्या खेळातली गती. तरीही मधल्या काही महिन्यांत बेसबॉलच्या खेळाडूंची छापील चित्रे कुठे विकली जातात, काय भावाने जातात, विकणारा ती कशी मांडतो आणि घेणारा ती कशी पारखतो, ह्याविषयी मी इतके वाचले की शिक्षकांच्या खोलीत माझ्याकडे जरा काळजीने पाहिले जाऊ लागले. मास्तर मराठीचा, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. त्याला ही अमेरिकेची बाधा कुठून झाली? ती कशी झाली तेच सांगायला बसलो आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एका चित्राचा लिलाव झाला. चित्र म्हणजे आपल्या पोस्टकार्डाच्या साधारण निम्म्या आकाराचा एक पुठ्ठा. त्यावर मिकी मँटल नावाचा खेळाडू खांद्यावर बॅट टेकवून उभा आहे. टॉप्स नावाच्या कंपनीने १९५२ साली च्युइंगगमच्या पाकिटांतून असली चित्रे पोरांना वाटली होती. हा पुठ्ठा १ कोटी २६ लाख डॉलरांना गेला. त्या वेळच्या हिशेबाने सुमारे शंभर कोटी रुपये! त्यामागची हकीकत तर आणखी मौजेची आहे. त्या वर्षी चित्रांचा शेवटचा हप्ता बाजारात यायला उशीर झाला, मोसम सरत आला, आणि माल पडून राहिला. आठ वर्षे तो गुदामात धूळ खात होता. अखेर १९६० साली जागा मोकळी करण्यासाठी कंपनीने खोकीच्या खोकी कचऱ्याच्या तराफ्यावर चढवली आणि अटलांटिक महासागरात नेऊन ओतली. समुद्रात गेले त्यांत मँटलही होता. उरला तो म्हणून शंभर कोटींचा झाला.

त्याच्याही आधीचे एक प्रसिद्ध चित्र आहे होनस वॅग्नर ह्या खेळाडूचे. ते सिगारेटच्या पाकिटांतून १९०९ पासून निघू लागले आणि थोड्याच दिवसांत वॅग्नरच्याच हरकतीमुळे थांबले. आपले चित्र सिगारेटबरोबर जाऊ नये म्हणून त्याने ते थांबवले असे कोणी म्हणतात, तर आपल्याला पैसे मिळाले नाहीत म्हणून थांबवले असे कोणी म्हणतात. आज त्याच्या पन्नास-साठ प्रती शिल्लक आहेत, आणि त्यांतली एक २०२२ मध्येच साडेबहात्तर लाख डॉलरांना विकली गेली. १९०९ हे साल वाचल्यावर मी जरा थबकलो. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तोही ह्याच वर्षी. त्या अंकाच्या किती प्रती आज महाराष्ट्रात धड अवस्थेत असतील? आणि एखादी कुणाच्या माळ्यावर निघालीच, तर तिचा भाव कोण ठरवील? आपल्याकडे रद्दीला भाव आहे आणि तो किलोवर आहे. असो.

मँटलची ही बातमी माझ्यापर्यंत आली ती वर्तमानपत्रातून आली नाही. २०२५ च्या जूनमध्ये, दहावीचा निकाल लागून गेल्यावर, माझ्या एका मित्राचा मुलगा संध्याकाळी घरी आला आणि त्याने मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरला. "काका, शंभर कोटी. एका फोटोचे! आणि पप्पांचा डबा तर अख्खा भरलेलाय."

त्याचे पप्पा, म्हणजे माझा मित्र, २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्याने वीस वर्षे काम केले. गाडी काट्यावर चढली, की आकडा मोठ्याने म्हणायचा, लिहायचा आणि पुन्हा एकदा म्हणायचा, अशी त्याची सवय होती. शेतकऱ्याला आकडा ऐकू आला पाहिजे असा त्याचा कटाक्ष असे. ही सवय त्याला नोकरीने लावली असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. पण ती त्याच्या अंगात त्याआधीपासूनच होती हे डबा उघडल्यावर कळले.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणाला गंज चढलेला. आत क्रिकेट खेळाडूंची चित्रे. आम्ही त्यांना 'फोटो' म्हणत असू. आजच्या तरुण वाचकांना ही भानगड सांगितली पाहिजे. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८७ च्या विश्वचषकाच्या आगेमागे आणि नंतरची काही वर्षे, 'बिग फन' नावाचा बबलगम मिळायचा. त्याच्या वेष्टनात एका खेळाडूचा फोटो असे आणि फोटोवर काही धावा नाहीतर बळी छापलेले असत. अमुक इतक्या धावा जमल्या, की त्या दुकानदाराकडे द्यायच्या आणि बदल्यात एक इवलीशी चोपडी घ्यायची. तिची पाने अंगठ्याखालून भरभर सोडली, की गोलंदाज धावत येऊन चेंडू टाकी. आज ऐकायला ते काहीच वाटणार नाही. पण ज्या गावात दूरदर्शनचा संच गल्लीत एखादाच, आणि तोही ऐन सामन्यात मुंग्या दाखवणारा, त्या गावात हाताच्या अंगठ्याने कपिल देवला धावायला लावता येणे म्हणजे काय सुख होते, ते तो अंगठाच जाणे.

ह्या धावांमुळेच तर पुढचा सारा घोटाळा झाला. ज्या पोरांनी धावा जमवल्या त्यांनी त्या चोपड्यांसाठी देऊन टाकल्या. ज्यांनी दिल्या नाहीत त्यांच्या आयांनी दिवाळीच्या साफसफाईत बंबात घातल्या. शिल्लक राहिले ते माझ्या मित्रासारख्या अट्टल संग्राहकांचे. त्याने चोपडीसाठी एकही धाव खर्च केली नाही. आमची अदलाबदल मात्र अखंड चाले. शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून आम्ही बाजार भरवायचो. एक गावसकर द्यायचा तर दोन वेंगसरकर आणि वर एक परदेशी, असा भाव असे. ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपूरला गावसकरांनी न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०३ केल्या आणि त्याच सामन्यात चेतन शर्माने हॅटट्रिक केली. सोमवारी शाळेत दोघांचेही भाव चढले. पुढच्याच गुरुवारी वानखेडेवर इंग्लंडने उपांत्य सामन्यात आपल्याला हरवले आणि भाव कोसळले. शेअरबाजार म्हणजे काय हे मला पुढे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

हा डबा विकायचा होता. मुलाला पॉलिटेक्निकला जायचे होते. संगमनेर, नाशिक, जिथे नंबर लागेल तिथे. फीमध्ये सवलत मिळणार होती, परंतु राहण्याजेवणाचे काय? त्याच्या आईचे शिवणकाम चालते, लग्नसराईत चांगले आणि श्रावणानंतर बेताचे. ती दुसऱ्या दिवशी स्वतः आली. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊजी, पोरगं काय काय आकडे सांगतंय. त्याचं सोडा. पण खरंच काही येत असलं तर बघा. आणि येत नसलं तर त्याला तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाही तो."

म्हणजे भाव काढायचे काम माझ्याकडे आले. इथून माझ्या बाजारहाटाला सुरुवात झाली.

पहिला शोध असा लागला की अमेरिकेतल्या पोराने बापाचा डबा काढला, तर त्याच्या किमतीचा अंदाज त्याला तासाभरात येतो. ईबे नावाचा बाजार तिकडे १९९५ पासून आहे. पियर ओमिद्यार ह्या गृहस्थाने तो सुरू केला, आणि त्यात पहिल्यांदा विकला गेलेला माल कोणता? तर लेझरचा एक मोडका दर्शक. १४ डॉलर ८३ सेंटला! मोडका आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते; त्याला मोडकेच हवे होते. ह्या बाजाराचा मला आवडलेला गुण म्हणजे तिथे वस्तू विकली गेली, की ती कितीला गेली हे सुमारे तीन महिने कोणालाही पाहता येते. मागितलेला भाव वेगळा आणि झालेला भाव वेगळा. मागायला काय, कोणी लाख मागेल. झालेला भाव मात्र दोन माणसांनी मिळून केलेला असतो. त्यात एकाची गरज असते आणि दुसऱ्याची हौस. तो आकडा उघड्यावर टांगून ठेवणारा बाजार लहान विकणाऱ्याच्या फार उपयोगी पडतो. चित्राची परीक्षा करणाऱ्या संस्थाही तिकडे आहेत. त्यांतली पीएसए नावाची संस्था १९९१ पासून चित्रांना एकपासून दहापर्यंत गुण देते आणि गुण दिलेले चित्र प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करते. कोपरे चार, कडा चार, छपाई मधोमध आहे की सरकलेली आहे, पृष्ठभागावर ओरखडा आहे काय, इतके सारे भिंगाखाली पाहतात. आम्हा मास्तर लोकांना दहापैकी दहा देताना हात आखडतो. त्यांचाही आखडतो असे दिसते. पण आमच्या डब्यातले एखादे चित्र त्यांच्याकडे पाठवायचे म्हटले, तर परीक्षेची फी आणि जाण्यायेण्याचे टपाल मिळून चित्राच्या किमतीच्या कितीतरी पट झाले असते.

आपल्या देशातही असा एक उघडा बाजार होता. २००० साली मुंबईत बाझी डॉट कॉम निघाले. २००४ साली ते ईबेने विकत घेतले आणि पुढे कितीतरी वर्षे नाणी, टपालतिकिटे, जुनी पुस्तके, काडेपेट्यांचे छाप असला माल हिंदुस्थानातल्या हिंदुस्थानात त्या मैदानावर फिरत होता. २०१७ साली तो कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाला. मोठमोठ्या कंपन्यांच्या देवघेवीत ही केवढीशी गोष्ट! पण गावोगावच्या संग्राहकांच्या दृष्टीने पाहिले, तर एका गावचा आठवडेबाजारच उठला. लोक उठून गल्लीबोळांत बसले.

ह्या गल्लीबोळांत मी दोन महिने हिंडलो. ओएलएक्स हे जुन्या वस्तूंच्या जाहिरातींचे ठिकाण सर्वांच्या परिचयाचे आहे. मोटारसायकल, कपाट, मोबाईल विकायला ते सोयीचे. घेणारा जवळपासचा असतो, येतो, वस्तू हातात घेऊन पाहतो, घासाघीस करतो आणि घेऊन जातो. पण आमच्या चित्रांना जवळपासचे गिऱ्हाईक कुठले? कोपरगावात ह्या डब्याचे गिऱ्हाईक म्हणजे मी एकटाच होतो. शिवाय तिथे दिसतात ते मागितलेले भाव. जुन्या क्रिकेटच्या चित्रांसाठी कोणी पन्नास रुपये मागितलेले, कोणी पन्नास हजार; त्यांतले काय विकले गेले आणि कितीला, ह्याचा पत्ता नाही. मुलगा पन्नास हजारांचीच जाहिरात पुन्हा पुन्हा उघडून पाही.

अशाच एका संकेतस्थळावर आम्ही डब्याचे छायाचित्र टाकले, त्याचे नाव घेत नाही. दहा मिनिटांत फोन. गृहस्थ आपण लष्करात आहोत, सरहद्दीवर नेमणूक आहे, असे सांगून अगदी अदबीने बोलत होते. भाव विचारला नाही, कमी करा म्हटले नाही. डबा पसंत आहे, पैसे आत्ता पाठवतो, एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र पाठवले आहे ते मोबाईलने टिपा आणि पिन घाला म्हणजे रक्कम जमा होईल. मी चष्मा शोधत होतो तेवढ्यात पोरगा म्हणाला, "काका, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो? पिन फक्त द्यायला लागतो." फोन बंद केला. सोळा वर्षांच्या मुलाला जे कळते ते पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांना कळत नाही, असे दर आठवड्याला वर्तमानपत्रात वाचायला मिळतेच. घासाघीस न करणारे गिऱ्हाईक पाहिले, की आमच्या बाजारपेठेतला कोणताही किराणा व्यापारी सावध होईल.

खरे संग्राहक भेटले ते फेसबुकच्या आणि व्हॉट्सॲपच्या गटांत. ही मंडळी मोठी लोभस. कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, कोणी निवृत्त. पण लहानपणची चित्रे म्हटली, की सारे दहा वर्षांचे होतात. रात्री नऊला एक जण चित्र टाकतो, खाली मूळ बोली लिहितो, साडेनऊपर्यंत बोली चढते, नंतर कोणी बोलला तर धरत नाहीत. जिंकणारा पैसे पाठवतो, विकणारा स्पीड पोस्टाने माल धाडतो. लेखी करार नाही, जामीन नाही. शब्द फिरवणाऱ्याला गटाबाहेर काढतात आणि ही शिक्षा लोकांना फार लागते असे दिसले. पूर्वी हे लोक रजिस्टरनेच माल पाठवीत. २०२५ साली टपालखात्याने रजिस्टर स्पीड पोस्टात मिळवून टाकले त्याबद्दल एका गटात दोन दिवस शोक चालला होता.

पण इथेही एक खोड आहे. लिलावाबाहेरची पुष्कळशी विक्री उघड होत नाही. चित्राखाली लिहिलेले असते, 'भाव खाजगीत विचारा'. हे वाचले आणि मला लोणीचा जनावरांचा बाजार आठवला. लहानपणी वडिलांबरोबर मी तिथे बैलांचे सौदे पाहिले आहेत. विकणारा आणि घेणारा ह्यांच्या हातांवर रुमाल किंवा उपरणे टाकलेले असे आणि त्याच्या आत बोटांनी भाव चाले. एक बोट धरले तर इतके, मूठ दाबली तर इतके. भोवती शंभर माणसे उभी, पण भाव दोघांनाच ठाऊक. वडील म्हणायचे, रुमालाच्या आत गरजवंताचं बोट लगेच ओळखू येतं, थरथरतं. धान्याच्या आणि कांद्याच्या बाजारात ही पद्धत राहू नये म्हणून तर बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आले. आमच्या समितीत आजही कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने उभे असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो, भाव पुकारला जातो आणि मागच्या ट्रॉलीवाल्याला पुढच्याचा भाव ऐकू येतो. भाव पडला तर तो पडला हे तरी त्याला कळते. त्याने शिवी द्यावी की परत न्यावे हा पुढचा प्रश्न. संगणकाचे युग, विजेच्या वेगाने निरोप, आणि त्यातून आपण पोहोचलो कुठे, तर पुन्हा रुमालाखाली! माझ्या मित्राने काट्यावर आकडा दोनदा मोठ्याने म्हणायचा तो का, हे मला त्या गटांत हिंडताना कळले.

पुण्याच्या जुन्या बाजारातही मी एका रविवारी जाऊन आलो. रविवार आणि बुधवार हे तिथले दिवस. कुलपे, पितळी दिवे, बंद पडलेले कॅमेरे, कुणाच्या तरी लग्नाचे अल्बम. एका फरशीवर नाणी मांडून बसलेल्या म्हाताऱ्या विक्रेत्याने डबा उघडला, चित्रे पत्त्यांसारखी सुरकन सरकवली आणि माझ्याकडे पाहिले. चित्रांकडे त्याने पाहिले त्याहून जास्त वेळ माझ्याकडे पाहिले. "आठशे," तो म्हणाला. मी काही बोललो नाही. "तुम्ही मालक नाही," तो म्हणाला, "मालक असता तर एव्हाना चिडला असता." मग चहा मागवला. तो म्हणाला, त्याच्याकडे असला माल मागायला वर्षात दोन-तीन माणसे येतात, तोवर पावसात डबा सांभाळायचा, म्हणून आठशे. मला त्याचा हिशेब पटला. बाजारांचे इतके प्रकार पाहिले, पण भाव असा का, हे तोंडावर सांगणारा तेवढा एकच भेटला.

राहता राहिला परदेश. मुलाचा सारा भरवसा ईबेवर. तिथे हिंदुस्थानातूनही माल मांडता येतो. परंतु आमचे चित्र घेणार कोण? अमेरिकन माणूस बेसबॉलचे घेईल. विलायतेत क्रिकेटच्या चित्रांचा षोक जुना; विल्स कंपनीने १८९६ सालीच सिगारेटच्या पाकिटांतून पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली होती, आणि रणजितसिंहजींची चित्रे तिकडच्या कितीतरी संग्रहांत आहेत. पण त्यांना बबलगमची वेष्टने नकोत. घेईल तो परदेशी गेलेला आपलाच माणूस. तशांत २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने ८०० डॉलरांखालच्या पार्सलांची जकातमाफी काढून घेतली, आणि आपल्या टपालखात्याने तिकडची पार्सले घेणे काही आठवडे थांबवले. महासत्तांच्या जकातींचा फटका एका पत्र्याच्या डब्याला बसावा ह्याची गंमत वाटली, पण पोराला वाटली नाही. तो म्हणाला, "म्हणजे तोपण रस्ता बंद."

आमच्या गावाला मोठ्या माणसांचे भाव ठरताना पाहायची सवय आहे. राघोबादादांनी उत्तरेत झेंडे नेले; अखेर तहांत त्यांची किंमत महिना पंचवीस हजार रुपयांची नेमणूक अशी लिहिली गेली, आणि १७८३ साली ते इथेच, कोपरगावी, गेले. शंभर कोटींपासून आठशेपर्यंत उतरणे आमच्या गावाच्या पाण्यातच असावे.

आता डब्यात प्रत्यक्ष काय निघाले ते सांगतो. मोजून ३१२ चित्रे. पैकी १३८ कोरी, म्हणजे मागून स्वच्छ. उरलेल्या १७४ चित्रांच्या मागे बारीक निळ्या शाईत लिहिलेले. तारीख, कोणाकडून मिळाले, बदल्यात काय दिले. 'शनिवार. पेठेतल्या दुकानातून. स्वतःच्या पैशाने.' 'मामाने आणला, मनमाडहून.' 'दोन अझरुद्दीन देऊन. महाग पडला.' एका इम्रानखानच्या मागे नुसतेच 'भांडण करून'. माझे नाव अकरा ठिकाणी होते. दहा वर्षांच्या पोराने अशी खातेवही लिहावी आणि ती आपण रोज त्याच्या शेजारी बसूनही आपल्याला दिसू नये, ह्याचा मला अचंबा वाटला.

गटातल्या जाणकारांनी एकमुखाने सांगितले की लिहिलेल्या चित्रांना भाव नाही. शाई म्हणजे डाग. एकाने सौम्यपणे कळवले, 'मागे लिहिले नसते तर छान संग्रह होता.' संग्राहकांचा हा नियम जगभर आहे, त्यात त्यांचा दोष नाही. चित्र छापखान्यातून निघाले तसे त्यांना हवे असते. मधल्या माणसाचा हात जितका कमी लागला तितकी किंमत जास्त. त्यांचा नियम मला समजतो, पण मानवत नाही. जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कोणी अपरिचित माणसाने कोणाला भेट दिल्याची तारीख सापडली, की मी ते पुस्तक चार रुपये जास्त देऊन घेणाऱ्यांपैकी आहे.

१३८ कोरी चित्रे आम्ही रात्री नऊच्या लिलावांत चार वेळा मांडली. मी बोली वाचायचो आणि मुलगा वहीत लिहायचा. त्याच्या आईने पहिल्या दिवशी शिवणाचे मशीन थांबवले आणि आकडे ऐकत बसली. दुसऱ्या दिवसापासून मशीन चालूच ठेवले. एकूण आले ४,६५० रुपये. टपालखर्च वजा जाता ४,२१०. प्रत्येक झालेला भाव मी गटात उघड लिहिला, चित्रासह, तारखेसह. एका-दोघांना ते आवडले नाही. 'सर, असं लिहिलं की पुढच्या वेळी कुणी जास्त देत नाही,' असा खाजगी निरोप आला. मी लिहीत राहिलो. पुढच्या एखाद्या गावातल्या एखाद्या बाईने डबा उघडला, तर तिला निदान आकडा सापडावा.

मुलाचा नंबर नाशिकला लागला. वसतिगृहाची पहिली रक्कम कारखान्याच्या कामगारांच्या पतपेढीने उचल म्हणून दिली; आमच्या ४,२१० मध्ये त्याची गादी, पत्र्याची पेटी आणि पहिल्या महिन्याचा बसचा पास निघाला. निघताना मला म्हणाला, "काका, शंभर कोटींतले चार हजार आले." आणि हसला. त्याच्या बापाची हसण्याची पद्धत वेगळी होती, पण डोके असेच चालायचे.

लिहिलेली १७४ चित्रे वहिनींकडे आहेत. मध्यंतरी गेलो तर त्या दुपारच्या वेळी ती पालथी मांडून बसल्या होत्या. खेळाडू कोण हे त्यांना ठाऊक नाही, त्यांनी चित्रांची एकही बाजू सुलटी केली नव्हती. तारखांप्रमाणे ओळीने लावली होती. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "इथं 'आईला न सांगता' असं लिहिलंय, सहा ठिकाणी. सासूबाई गेल्या तोवर हे त्यांना कळलं नव्हतं का?" मी म्हटले, कळले असावे. त्या पुन्हा ओळ लावू लागल्या.

मागच्या आठवड्यात गटातल्या एका गृहस्थाचा निरोप आला. ते मूळचे नगर जिल्ह्यातले, आता कॅनडात असतात. मी पहिल्यांदा टाकलेल्या डब्याच्या छायाचित्रात एक उलटे पडलेले चित्र त्यांनी मोठे करून वाचले होते. त्यांना कोरी नकोत, लिहिलेलीच हवी आहेत, सगळी, आणि फोडून नकोत. भाव त्यांनी उघड, गटातच लिहिला आहे: पंचवीस हजार. खाली कोणी विचारले, शाईच्या डागांसह? त्यांनी उत्तर दिले, डागांसह.

मी तो आकडा वहिनींना वाचून दाखवला, दोनदा. त्यांनी मशीनखालचे कापड सरळ केले आणि विचारले की मुलगा दिवाळीला कधी येतो. कॅनडाच्या गृहस्थांना काय कळवायचे ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.